स्पॅरो वॉलेट दीड वर्ष वापरल्यावर: बिटकॉइनची प्रायव्हसी जपायला खरंच कामाचं आहे का?

मी फ्रीलान्स डिझाईनची कामं करते आणि माझे काही क्लायंट पैसे बिटकॉइनमध्ये देतात. सुरुवातीची दोन वर्षं मी एक मोबाईल वॉलेट वापरायचे, नाव घेत नाही, त्यात जो एक ॲड्रेस दिसायचा तोच मी सगळ्यांना द्यायचे, इनव्हॉइसच्या खाली पण तोच कायमचा टाकून ठेवलेला, कारण माझ्या डोक्यात ॲड्रेस म्हणजे बँकेचा खाते नंबर, तो दिला म्हणून कुणाला काय कळणार. मग एकदा एका क्लायंटशी रेटवरून बोलणं चाललं होतं आणि तो सरळ म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात कुणीतरी तुम्हाला याच्या निम्मेच दिलेत ना, मग मलाच का जास्त सांगताय? आणि तसंही तुमच्याकडे बरेच जमलेत की."

पोटात गोळाच आला माझ्या. आधी वाटलं अकाउंट हॅक झालं. पण त्याने तसलं काहीच केलं नव्हतं, माझा ॲड्रेस ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार बघायच्या साईटवर टाकला, बस्स. आलेली प्रत्येक रक्कम, गेलेली प्रत्येक रक्कम, तारीख, वेळ, आत्ता शिल्लक किती, सगळं उघडं. आणि हे त्याला दिसलं तसं जगात कुणालाही दिसत होतं, मीच दोन वर्षं इनव्हॉइसवर छापून वाटत होते.

बिटकॉइन गुप्त असतं असं अजूनही खूप जणांना वाटतं. नावं नसतात एवढंच, बाकी व्यवहारांची वही, म्हणजे ब्लॉकचेन, सगळ्यांसाठी उघडी आहे. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक बनला तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार त्यात आहे. २२ मे २०१० ला १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले होते ना, तो व्यवहार आज तुम्ही स्वतः उघडून बघू शकता. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये चोरीला गेलेले बिटकॉइन अमेरिकन सरकारने माग काढत काढत फेब्रुवारी २०२२ मध्ये पकडले, जवळपास ९४,०००. चोर सापडले ते चांगलंच झालं, पण ज्या वहीत चोराची पावलं उमटतात त्याच वहीत माझी फी आणि तुमची बचत पण लिहिली जाते आणि ती खोडता येत नाही. बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या पेपरमध्ये प्रायव्हसीवर वेगळा भाग आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक व्यवहाराला नवीन किल्ली, म्हणजेच नवीन ॲड्रेस वापरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलेलं, मीच वाचलं नव्हतं.

तर या प्रकारानंतर शोधाशोध करून मी स्पॅरो वॉलेटवर आले आणि आता दीड वर्ष रोज तेच वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी जुजबी माहिती. स्पॅरो फक्त बिटकॉइनसाठी आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, ओपन सोर्स आहे, फुकट आहे, क्रेग रॉ नावाच्या डेव्हलपरने २०२० मध्ये आणलं. मोबाईल ॲप नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण मोबाईलच्या स्टोअरमध्ये या नावाचं काही दिसलं तर ते नकली आहे आणि त्यात सीडचे शब्द, म्हणजे ज्यातून अख्खं वॉलेट परत उभं करता येतं ते गुप्त शब्द, टाकले की पैसे गेले म्हणून समजा. डाउनलोड त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच करा आणि फाईल अस्सल आहे का हे सांगणारी डिजिटल सही तपासा, तिथेच पद्धत दिलीय. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला, कंटाळा येतो, तरी करा. आता तर स्पॅरोच्या आतच डाउनलोड तपासायची सोय आहे, त्यामुळे पुढची अपडेट्स दोन मिनिटांत होतात.

आता मुद्द्याचं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यातला एक छोटासा टॉगल आणि त्याचा रंग. तुमच्या वॉलेटला शिल्लक किती हे कुणाला तरी विचारावं लागतं ना, कारण ब्लॉकचेन तुमच्याकडे नसते. बहुतेक वॉलेट हे गपचूप आपल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतात आणि तुम्हाला सांगत पण नाहीत. स्पॅरो पहिल्याच वेळी विचारतं की कुठे जोडू. सार्वजनिक सर्व्हरला जोडलं तर टॉगल पिवळा, तुमच्या स्वतःच्या बिटकॉइन कोअरला (अख्खी ब्लॉकचेन स्वतः उतरवून तपासणारा प्रोग्रॅम) जोडलं तर हिरवा, तुमच्या खाजगी इलेक्ट्रम सर्व्हरला (वॉलेटला ॲड्रेसची माहिती पुरवणारा सर्व्हर) जोडलं तर निळा. पिवळा म्हणजे तो सर्व्हर चालवणाऱ्याला तुमचे सगळे ॲड्रेस एकत्र कळतायत. इथे नीट समजून घ्या, मला हे समजायला वेळ लागला. तुम्ही प्रत्येक क्लायंटला वेगळा ॲड्रेस दिलात, एकदम शिस्तीत, पण वॉलेट उघडलं की तुमच्या कॉम्प्युटरवरून ते सगळेच ॲड्रेस एका दमात त्या सर्व्हरला विचारले जातात, म्हणजे हे सगळे एकाच माणसाचे हे त्याला आयतं मिळालं. टॉर, म्हणजे इंटरनेटवर आपली जागा लपवणारं नेटवर्क, चालू केलं तर तुमचा आयपी ॲड्रेस लपतो, स्पॅरोमध्ये टॉर आतच दिलेलं आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही, पण आयपी लपला तरी ॲड्रेसचा गठ्ठा एकत्रच जातो.

मी पहिले तीन महिने पिवळ्यावरच होते. मग जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइन कोअर टाकलं. अख्खी ब्लॉकचेन ठेवायची तर ६०० जीबीच्या वर जागा लागते आणि ती वाढतच असते, म्हणून मी एक टेराबाईटची डिस्क लावली, सगळं उतरून तपासून व्हायला पाच दिवस लागले. जागा नसेल तर प्रून करून, म्हणजे जुने ब्लॉक काढून टाकत, कमी जागेतही भागतं, फक्त मग जुन्या वॉलेटचा इतिहास शोधताना अडचण येते. टॉगल हिरवा झाला तो दिवस मला अजून आठवतो, खरंच खूप बरं वाटलं. पण एक गोष्ट लगेच लक्षात आली की पिवळ्यावर वापरलेलं जुनं वॉलेट हिरव्यावर नेऊन उपयोग नाही, ज्या सर्व्हरला ते ॲड्रेस एकदा कळलेत त्याच्याकडून ते परत घेता येत नाहीत. त्यामुळे नवीन सीडचं नवीन वॉलेट बनवावं लागलं. आणि जुन्यातले पैसे एकगठ्ठा नव्यात पाठवले असते तर जुना-नवा धागा पुन्हा जुळला असता. मी जुन्यातले पैसे हळूहळू जुन्यातूनच खर्च केले, नवीन कामाचे पैसे नव्यात घेतले. ही घाई करू नका.

आता कॉइन निवडण्याबद्दल, कारण खरी प्रायव्हसी इथे जाते किंवा राहते. बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये एक एकत्र रक्कम नसते, आलेले पैसे सुट्या नोटांसारखे वेगवेगळे पडून असतात, त्याला यूटीएक्सओ म्हणतात, मी त्यांनाच कॉइन म्हणते. पैसे देताना वॉलेट यातल्या एक किंवा जास्त नोटा उचलतं आणि उरलेले सुट्टे तुमच्याच एका नव्या ॲड्रेसवर परत येतात. दोन नोटा एकाच व्यवहारात वापरल्या की बघणारा समजतो, दोन्ही एकाच मालकाच्या. माग काढणाऱ्या कंपन्यांचं अर्धं काम या एका गृहीतकावर चालतं, आणि सातोशीच्या त्याच पेपरमध्ये हे पण कबूल केलेलं आहे.

माझंच एक उदाहरण देते. माझ्याकडे तीन कॉइन होते. एक २,१०,००० सॅट्सचा (सॅट म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग, दहा कोटी सॅट्सचा एक बिटकॉइन), लेबल "जुना कॅमेरा विकला". दुसरा ४,८०,००० सॅट्सचा, लेबल "लोगोचं काम". तिसरा ९०,००० सॅट्सचा, लेबल "साईटवरची देणगी", म्हणजे माझ्या वेबसाईटवर माझ्या नावासकट जो ॲड्रेस उघड लावलाय त्यावर आलेला. मला एका फॉन्टच्या लायसन्सचे २,६०,००० सॅट्स द्यायचे होते. सेंडच्या टॅबमध्ये रक्कम टाकली आणि खाली आकृती आली, डावीकडे आत जाणारे कॉइन, उजवीकडे बाहेर पडणारे, मध्ये रेषा. स्पॅरोने आपणहून कॅमेरा आणि देणगी हे दोन उचलले होते, हिशोबाने बरोबरच, ३,००,००० झाले, थोडेच सुट्टे परत येणार. पण त्या आकृतीत मला दिसलं की माझ्या नावाला चिकटलेला देणगीचा कॉइन आणि कॅमेरा घेणाऱ्या अनोळखी माणसाने दिलेला कॉइन एकाच रेषेत जातायत. म्हणजे त्या अनोळखी माणसाने आपल्या व्यवहाराचा पुढे माग काढला असता तर थेट माझ्या वेबसाईटवर, माझ्या नावावर येऊन थांबला असता. जुन्या मोबाईल वॉलेटमध्ये हे मला कधी कळलंच नसतं, बटण दाबलं की गेलं.

मग मी यूटीएक्सओच्या टॅबमध्ये गेले, लोगोच्या कामाचा एकच कॉइन निवडला आणि तोच पाठवायला घेतला. फी रेट दर व्हीबाईटला (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) ५ सॅट्स होता, एक कॉइन आत आणि दोन बाहेर असा व्यवहार साधारण १४१ व्हीबाईटचा होतो, म्हणजे फी ७०५ सॅट्स, सुट्टे २,१९,२९५ परत. दोन कॉइनचा केला असता तर उलट फी जास्तच लागली असती. आता यातही फट आहे, २,६०,००० हा गोल आकडा आणि दुसरा वेडावाकडा, त्यामुळे सुट्टे कुठले हे बघणारा सहज ओळखतो, आणि फॉन्टवाल्याला कळतं की हिच्याकडे अजून दोन लाखांच्या वर सॅट्स तरी आहेत. पण तेवढंच कळतं. बाकीचे दोन कॉइन त्याच्या नजरेतून सुटले, हे महत्त्वाचं.

लेबलबद्दल अजून थोडं, कारण याच्याशिवाय वरचं काहीच जमत नाही. स्पॅरोमध्ये पाठवताना लेबल लिहिल्याशिवाय व्यवहार तयारच होत नाही. सुरुवातीला वैताग यायचा, मी काहीतरी "अबक" लिहून पुढे जायचे. आता शिस्त लागलीय, कुणाकडून आलं आणि त्या माणसाला माझ्याबद्दल काय माहीत आहे हे दोन्ही लिहिते. सुट्ट्यांना तेच लेबल आपोआप लागतं, हे छान आहे. वर्षअखेरीला टॅक्सचा हिशोब करताना पण हीच लेबलं कामाला आली, सगळं माझ्या सीएला नीट देता आलं. प्रायव्हसी म्हटलं की लोक लगेच करचुकवेगिरीकडे जातात म्हणून सांगतेय, मला माझे पैसे सरकारपासून लपवायचे नाहीत, क्लायंटने माझं पासबुक वाचू नये एवढंच हवंय.

पण लेबलचीच एक चूक मला महागात पडली. मध्ये लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला, म्हटलं सीडचे १२ शब्द लिहिलेले आहेत, काळजी कसली. शब्द टाकले, पैसे सगळे आले, इतिहास आला, लेबल एकही नाही. अर्थात, सीडमधून किल्ल्या परत बनतात, तुम्ही काय लिहिलं होतं ते त्यात नसतं. चाळीसेक कॉइन समोर आणि कुठला कुणाचा काही कळेना, जुने ईमेल आणि इनव्हॉइस उघडून एकेक रक्कम जुळवत बसले, दोन रात्री गेल्या आणि तरी सहा कॉइन बेवारस राहिले. लेबल एक्स्पोर्ट करून वेगळी ठेवायची सोय स्पॅरोमध्ये आहे, मी वापरली नव्हती. आता दर महिन्याला एक्स्पोर्ट करून एन्क्रिप्ट करून ठेवते. ती फाईल उघडी ठेवू नका हां, त्यात तुमचा सगळा कच्चा चिठ्ठा असतो.

पाठवताना खाली एफिशिअन्सी आणि प्रायव्हसी असे दोन पर्याय येतात. प्रायव्हसी निवडलं तर ते व्यवहार अशा पद्धतीने रचतं की बघणाऱ्याला दोन वेगळ्या माणसांनी मिळून केल्यासारखा वाटावा, सारख्याच रकमा दोनदा बाहेर पडतात. कल्पना भारी आहे पण त्याला पुरेसे कॉइन लागतात आणि फी जास्त जाते, शिवाय तुमचे बरेच कॉइन एकत्र येतात, त्यामुळे मी ते फक्त एकाच ठिकाणाहून आलेल्या कॉइनवर वापरते. पेजॉइनची सोय पण आहे, त्यात पैसे घेणाराही आपला एक कॉइन आत घालतो आणि वरचं "सगळे कॉइन एकाचेच" हे गृहीतकच मोडतं, पण समोरच्याकडे ते चालू असायला लागतं, मला दीड वर्षात दोनदाच वापरायला मिळालं.

डस्टचा, म्हणजे धुळीएवढ्या नगण्य रकमेचा, अनुभव पण सांगते. एक दिवस जुन्या, सगळ्यांना वाटलेल्या ॲड्रेसवर ५४७ सॅट्स आले, कुणी पाठवले काही पत्ता नाही. कुणी इतके कमी कशाला पाठवेल? तर ते पुढे खर्चात बाकीच्या कॉइनबरोबर जावेत आणि तुमचे बाकीचे ॲड्रेस उघडे पडावेत म्हणून. स्पॅरोमध्ये राईट क्लिक करून फ्रीझ केलं की तो कॉइन कधी आपोआप उचलला जात नाही.

अजून काही बारीक गळती आहे, जी कुठलंच वॉलेट पूर्ण थांबवत नाही. व्यवहार कन्फर्म झाला का हे बघायला आपण ब्राउजरमध्ये एक्सप्लोरर उघडून आपलाच ॲड्रेस टाकतो, म्हणजे त्या साईटला आपला आयपी आणि आपल्याला कशात रस आहे ते दोन्ही दिलं. स्पॅरोमध्ये कन्फर्मेशन तिथेच दिसतं, ब्राउजरची गरज नाही, सेटिंगमध्ये एक्सप्लोरर बंदच करून टाका, आणि भाव दाखवण्यासाठी ते बाहेरून रेट आणतं ते पण नको असेल तर बंद करता येतं. आणि पोर्टफोलिओ बघायचे ॲप एक्सपब (वॉलेटची सार्वजनिक किल्ली, जिच्यातून सगळे ॲड्रेस बनतात) मागतात तो देऊ नका, त्यातून पैसे चोरता येत नाहीत हे खरं, पण त्या खात्याचे आधीचे आणि इथून पुढचे सगळे ॲड्रेस कळतात, वर सांगितलेली सगळी मेहनत एका कॉपी-पेस्टमध्ये पाण्यात.

न आवडलेलं? इंटरफेस नवख्या माणसाला घाबरवणारा आहे. पैसे पाठवायला आधी व्यवहार तयार करा, मग फायनलाइझ करा, मग सही करा, मग ब्रॉडकास्ट करा, चार पायऱ्या. मला आता त्या आवडतात कारण प्रत्येक पायरीला थांबून बघता येतं, पण माझ्या बहिणीने दोन दिवसांत सोडून दिलं. मराठी नाही. फोनवर नाही, बाहेर असताना क्लायंटला नवीन ॲड्रेस द्यायचा तर मी आधीच चारपाच ॲड्रेस काढून लेबल लावून वहीत लिहून नेते.

आणि मिक्सिंग आता नाही. आधी स्पॅरोमध्ये व्हर्लपूल होतं, समुराई वॉलेटवाल्यांचं, त्यात अनेकांचे कॉइन एकत्र करून धागा तोडता यायचा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने समुराईच्या दोन्ही संस्थापकांवर गुन्हे दाखल केले, दोघांना अटक झाली, सर्व्हर बंद झाले आणि स्पॅरोनेही ते फीचर काढलं. मी ते कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही, पण इतिहास तोडायचाच असेल तर स्पॅरो तुम्हाला पुरणार नाही. शिवाय ओळखपत्र देऊन एक्स्चेंजवरून घेतलेले बिटकॉइन स्पॅरोमध्ये आणले तरी पहिला ॲड्रेस तुमचा आहे हे त्या एक्स्चेंजला माहीतच असतं.

मग मोनेरो, म्हणजे प्रायव्हसीसाठीच बनवलेलं दुसरं क्रिप्टो चलन, का नाही, असं मला बरेच जण विचारतात. प्रायव्हसीच्या बाबतीत मोनेरो कितीतरी पुढे आहे, यात वादच नाही. २०१४ मध्ये आलं, त्यात रक्कम दिसत नाही, घेणाऱ्याचा ॲड्रेस दर वेळी एकदाच वापरायचा बनतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून प्रत्येक खऱ्या कॉइनभोवती १५ फसवे उभे असतात. हे सगळं आपोआप, लेबल नको, कॉइन निवडणं नको. मी थोडं ठेवते पण. पण माझ्या क्लायंटकडे बिटकॉइन असतं, आणि मोनेरो घेणं-विकणं अवघड होत चाललंय, बायनान्स एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते काढून टाकलं. तुमचे व्यवहार करणारे लोक मोनेरो घेत असतील तर खुशाल तेच वापरा, हा रिव्ह्यू तुम्हाला लागणारच नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सुरुवातीच्या अवघडपणाचा कापलाय. नवीन असाल तर आधी टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या कॉइनवर, आठवडाभर खेळा, स्पॅरोमध्येच सोय आहे, तीन-चार लेबल लावलेले कॉइन बनवा आणि त्या आकृतीत कोण कुणाबरोबर जातंय ते बघत बसा. मग थोडे खरे पैसे आणा.

तो क्लायंट अजून माझ्याकडे काम देतो. मागच्या महिन्यात त्याला नवीन इनव्हॉइस पाठवला, नवा कोरा ॲड्रेस टाकून. पैसे पाठवल्यावर त्याचा मेसेज आला, "ॲड्रेस बरोबर आहे ना? याच्यावर आधी काहीच आलेलं दिसत नाहीये."

म्हटलं, हो, बरोबर आहे.